यंत्राला कागद वाचावयास शिकविणारा : हर्मन हॉलेरिथ

मनुष्याच्या स्मरणशक्तीस मर्यादा आहे, म्हणून त्यानें कागदाचा आश्रय केला. आपल्या गांवच्या तलाठ्याचें दप्तर पाहावें, शाळेचें हजेरीपत्रक पाहावें किंवा दुकानदाराची खातेवही पाहावी. जें डोक्यांत मावत नाहीं तें कागदावर ठेवावयाचें, ही चाल फार जुनी आहे. परंतु कागदावर ठेवलेलें पुन्हा वाचावयाचें, निवडावयाचें आणि मोजावयाचें म्हटलें कीं त्यासाठीं माणूसच पाहिजे. आणि माणसाचे डोळे थकतात, बेरीज चुकते, व दिवस पुरत नाहींत. कागदावरची गोष्ट यंत्रालाच वाचतां आली तर? हा प्रश्न एका तरुण इंजिनियरानें सुमारें एकशेंचाळीस वर्षांपूर्वी स्वतःला विचारला, आणि त्याचें उत्तर त्यानें शाईनें न लिहितां भोंकांनीं लिहिलें. त्याचें नांव हर्मन हॉलेरिथ. आज घरोघरीं व कचेरीकचेरींत जीं गणकयंत्रें दिसतात त्यांच्या वंशावळींत या पुरुषाचें स्थान फार वरचें आहे. म्हणून त्याचें चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें योजिलें आहे.

हर्मनचा जन्म अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत बफेलो शहरीं ता. २९ फेब्रुवारी १८६० रोजीं झाला. हा दिवस चार वर्षांतून एकदांच येतो. शिवाय १९०० हें लीप वर्ष नसल्यामुळें १८९६ नंतर त्याची खरी जन्मतिथि एकदम १९०४ सालीं उगवली. एकूण ६९ वर्षांच्या आयुष्यांत ती केवळ १६ वेळां आली. ज्यानें पुढें एका विशाल राष्ट्रांतील माणसांचीं वयें मोजून दिलीं त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाचा हिशेब असा चमत्कारिक होता.

त्याचे आईबाप जर्मनीहून अमेरिकेंत येऊन राहिले होते. वडील ग्रीक व लॅटिन भाषांचे शिक्षक होते. परंतु हर्मन सातेक वर्षांचा असतांनाच ते वारले. आई मानी होती. नातेवाइकांपुढें हात पसरण्याऐवजीं तिनें स्त्रियांच्या टोप्या तयार करण्याचा व्यवसाय चालविला आणि मुलांस वाढविलें. हर्मन बुद्धिमान होता, पण शब्दांच्या स्पेलिंगाशीं त्याचें जन्माचें वैर होतें. शिक्षक त्याच विषयांत त्याला धारेवर धरीत. एकदां तर स्पेलिंगाचा तास टाळण्यासाठीं त्यानें शाळेच्या वरच्या मजल्याच्या खिडकींतून उडी टाकून पळ काढला, अशी हकीकत सांगतात. अखेर त्यास शाळेंतून काढून एका लूथरन पाळकाकडे घरगुती शिक्षणासाठीं ठेवण्यांत आलें. त्या पाळकाच्या हाताखालीं मुलगा सुधारला, आणि पुढें अवघ्या १९ व्या वर्षीं, म्हणजे १८७९ सालीं, कोलंबिया येथील खाणकाम विद्यालयाची इंजिनियरची पदवी त्यानें मिळविली. एका विषयांत मागें पडलेल्या मुलाविषयीं घाईनें मत बनवूं नये, हें पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कोलंबियाचे एक प्राध्यापक ट्रोब्रिज हे त्या वेळीं अमेरिकेच्या खानेसुमारींत उद्योगधंद्यांची माहिती गोळा करण्याच्या कामावर होते. त्यांनीं आपल्या या शिष्यास बरोबर घेऊन वॉशिंग्टनला नेलें. तेथेंच हॉलेरिथ यांच्या आयुष्याला वळण लागलें.

अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणें दर दहा वर्षांनीं देशांतील माणसांची मोजणी झालीच पाहिजे, कारण कोणत्या राज्यानें प्रतिनिधिगृहांत किती सभासद पाठवावयाचे हें त्या मोजणीवर ठरतें. १८८० सालीं तेथील वस्ती पांच कोटींवर गेली होती. घरोघर जाऊन माहिती लिहून आणण्याचें काम कांहीं आठवड्यांत उरकलें. पण पुढें काय? एवढ्या माणसांपैकीं पुरुष किती, स्त्रिया किती, विवाहित किती, परदेशांत जन्मलेले किती, कोणत्या धंद्यांत कोणत्या वयाचे किती, हें काढण्यासाठीं शेंकडों कारकून मोठमोठ्या तावांवर एकेक खूण करीत बसत व मग त्या खुणा मोजीत. प्रत्येक नव्या प्रश्नासाठीं तोच ढीग पुन्हा पहिल्यापासून उपसावा लागे. या कामास सात वर्षांहून अधिक काळ लागला. वस्ती तर झपाट्यानें वाढत होती. हीच रीत चालू राहिली तर एका खानेसुमारीचा निकाल लागण्यापूर्वीं दुसरी खानेसुमारी दाराशीं येऊन उभी राहील, असा प्रसंग ओढवला होता. शिळ्या आकड्यांवर राज्यकारभार कसा चालावा?

खानेसुमारींत जन्ममृत्यूच्या आकड्यांचें काम डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज या नामांकित वैद्याकडे होतें. त्यांची कन्या हॉलेरिथ यांच्या ओळखीची होती, व तिच्यामुळें त्यांचें डॉक्टरांच्या घरीं जेवणास जाणें होई. एके दिवशीं जेवतांना डॉक्टर सहज बोलून गेले कीं, हीं मोजणीचीं कंटाळवाणीं कामें करणारें एखादें यंत्र निघावयास हवें. प्रत्येक माणसाचें वर्णन कार्डाच्या कांठावर खांचा पाडून दाखवितां आलें तर काम होईल. डॉक्टरांनीं कल्पना बोलून दाखविली व ते आपल्या ग्रंथांकडे वळले. हॉलेरिथ यांनीं मात्र ती कल्पना मनांत धरली आणि आयुष्याचीं पुढचीं तीस वर्षें तिला दिलीं.

१८८२ सालीं त्यांनीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकविण्याची जागा पत्करली. पण तेंच तें पुन्हा शिकविणें त्यांस रुचेना. पुढल्याच वर्षीं ती जागा सोडून ते वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरींत परीक्षक झाले. शोधाचा हक्क कसा मागावा व कसा राखावा हें त्यांनीं तेथें शिकून घेतलें, आणि १८८४ च्या वसंत ऋतूंत तीहि नोकरी सोडून दिली. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत त्यांनीं आपल्या मोजणीयंत्राच्या पेटंटासाठीं पहिला अर्ज केला.

त्यांचें पहिलें यंत्र कार्डाचें नव्हतें. त्यांनीं कागदाची लांबच लांब पट्टी घेऊन तींत ओळीनें भोंकें पाडलीं होतीं. एकामागून एक माणसाची नोंद पट्टीवर येई. परंतु तींत दोन दोष होते. मध्येंच एका माणसाची नोंद हवी झाली तर सारी पट्टी तिथवर उलगडीत जावें लागे. आणि नोंदींचा क्रम बदलून, उदाहरणार्थ सर्व सुतार एकीकडे व सर्व शेतकरी दुसरीकडे, असे गट करतां येत नसत. पोथीचीं पानें सुटीं असलीं म्हणजे हवें तें पान काढतां येतें, गुंडाळीचें तसें नाहीं. म्हणून हॉलेरिथ यांनीं पट्टी टाकली व माणशीं एक सुटें कार्ड ही रीत धरली.

या विचाराला दोन ठिकाणांहून साहाय्य झालें. पहिलें आगगाडींतून. आपल्या जऊळक्याचें स्टेशन अकोला–पूर्णा मार्गावर आहे. पूर्वी या मार्गावर जाड पुठ्ठ्याचीं लहान तिकिटें मिळत व तपासनीस चिमट्यानें त्यांस भोंक पाडीत, हें घरांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आपल्याकडे त्या भोंकाचा अर्थ एवढाच कीं तिकीट तपासलें. परंतु अमेरिकेच्या पश्चिम भागांत प्रवास करीत असतां हॉलेरिथ यांनीं एक निराळाच प्रकार पाहिला. दुसऱ्याचें तिकीट चोरून कोणी प्रवास करूं नये म्हणून गार्ड तिकिटाच्या कडेला उतारूचें वर्णनच भोंकांनीं टिपून ठेवी : केस फिके कीं काळे, डोळे कोणत्या रंगाचे, नाक मोठें कीं लहान. म्हणजे चार भोंकांत माणसाचें जणूं चित्रच. प्रत्येक नागरिकाचें असें एक तिकीट कां करूं नये, असें त्यांच्या मनांत आलें.

दुसरें साहाय्य मागाचें. फ्रान्समधील लिआँ शहराचे विणकर जोसेफ मारी जाकार यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं असा माग केला होता कीं, रेशमी कापडावर कोणती नक्षी उठावयाची हें पुठ्ठ्याच्या कार्डांतील भोंकांवरून ठरावें. भोंक असेल तेथें सुई आंत जाई व तो धागा वर उचलला जाई. भोंक नसेल तेथें सुई अडे. आपल्या पैठणीच्या विणकराला जी नक्षी बोटांत व डोक्यांत साठवावी लागते ती जाकारनें पुठ्ठ्यांत साठविली. हॉलेरिथ यांचे एक मेहुणे रेशमाच्या धंद्यांत होते, व त्यांच्याकडून या मागाची माहिती त्यांस झाली असें सांगतात. तथापि जाकारचीं कार्डें यंत्राला हुकूम देत. हॉलेरिथ यांना कार्डावर माहिती ठेवावयाची होती व ती यंत्राकडून मोजून घ्यावयाची होती. हा भेद लहान नाहीं.

भोंकांनीं लिहावयाचें म्हणजे काय, हें मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्यास समजणें कठीण जाऊं नये. वृत्तें शिकतांना आपण अक्षरांचे लघु व गुरु असे दोनच भेद मानतों. पण तीन अक्षरें एकापुढें एक मांडलीं कीं त्या दोहोंतून आठ निरनिराळे गण उत्पन्न होतात. कार्डाचेंहि तसेंच आहे. एका ठिकाणीं भोंक आहे किंवा नाहीं, एवढे दोनच भेद. परंतु ठिकाणें पुष्कळ असलीं म्हणजे त्यांतून वाटेल तितकी माहिती सांगतां येते. अंध लोकांच्या ब्रेल लिपींतहि सहा ठिपक्यांच्या जागांतून, कोरी जागा धरून, ६४ खुणा निघतात. आजचीं गणकयंत्रें जी भाषा बोलतात ती हीच, आहे व नाहीं यांची.

आतां यंत्राची रचना पाहूं. १८९० च्या खानेसुमारीचें कार्ड सव्वातीन इंच रुंद व साडेसहा इंचांहून किंचित् लांब होतें. त्यावर १२ आडव्या ओळी व २४ उभे स्तंभ मिळून २८८ जागा होत्या. कार्ड उलटें लागूं नये म्हणून त्याचा एक कोपरा कापलेला असे. भोंकें पडलेलें कार्ड एका चापांत ठेवून वरची दांडी खालीं ओढली कीं स्प्रिंगांवर बसविलेल्या बारीक पिना कार्डावर येऊन टेकत. कागद असेल तेथें पिन अडे. भोंक असेल तेथें ती आरपार जाऊन खालच्या वाटींतील पाऱ्यांत बुडे. तत्क्षणीं विजेचा प्रवाह पुरा होई, आणि समोरच्या फळीवरील घड्याळासारख्या तबकडीचा कांटा एक घर पुढें सरके. अशा ४० तबकड्या एका यंत्रावर असत. पुरुषांची एक, स्त्रियांची एक, अमुक वयाच्यांची एक, याप्रमाणें एकाच झटक्यांत त्या माणसाच्या सर्व गोष्टी आपापल्या जागीं मोजल्या जात. कार्ड बरोबर वाचलें गेलें म्हणजे घंटा वाजे. घंटा न वाजली तर कांहीं चुकलें असें समजून कार्ड पुन्हा तपासावें. शेजारीं खणांची एक पेटी असे. त्याच विजेनें तिच्यांतील एका खणाचें झांकण आपोआप उघडे. कारकुनानें कार्ड त्यांत टाकावें व झांकण लावावें. मोजणी व निवड हीं दोन्हीं कामें अशीं एकदम होत.

हें सर्व एका रात्रींत साधलें नाहीं. १८८६ सालीं बाल्टिमोर शहराच्या मृत्यूंच्या नोंदींवर पहिला मोठा प्रयोग झाला. त्या वेळीं भोंकें पाडण्यास हॉलेरिथ यांच्याजवळ तिकीट तपासनिसाचा चिमटाच होता. हजारों कार्डांस चिमट्यानें भोंकें पाडतां पाडतां त्यांचा हात दुखून आला. शिवाय चिमटा कार्डाच्या कडेपुरताच पोंहोंचे, मधली जागा वायां जाई. या दुखण्यांतूनच नवें साधन निघालें. त्यांनीं असें उपकरण बनविलें कीं मोठ्या पाटीवर छापलेल्या जागेवर मूठ नेऊन दाबली म्हणजे दुसऱ्या टोंकाला कार्डावर नेमक्या त्याच जागीं भोंक पडावें. शोधकर्त्यानें स्वतः हात दुखवून घेतल्यावांचून कामगाराच्या हाताचें दुःख त्याला कळत नाहीं, हेंच खरें. ता. ८ जानेवारी १८८९ रोजीं त्यांचीं मोजणीयंत्राचीं पेटंटें मंजूर झालीं.

खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांनीं नव्या यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाहीं. त्यांनीं तीन पद्धतींची कसोटी लावली. हंट नांवाच्या गृहस्थांची रीत रंगीत कार्डें हातानें वेगळीं करण्याची होती. पिजिन यांची रीत रंगीत चिठ्ठ्यांची होती. तिसरी हॉलेरिथ यांची. सेंट लुई शहरांतील १०,४९१ माणसांची माहिती तिघांना देण्यांत आली. ती उतरून घेण्यास हंट यांना १४४ तास २५ मिनिटें, पिजिन यांना ११० तास ५६ मिनिटें व हॉलेरिथ यांना ७२ तास २७ मिनिटें लागलीं. पण खरी परीक्षा मोजणींत होती. हंट यांना ५५ तास २२ मिनिटें व पिजिन यांना ४४ तास ४१ मिनिटें लागलीं, तर हॉलेरिथ यांच्या यंत्रानें तें काम ५ तास २८ मिनिटांत पुरें केलें! निकालाविषयीं वाद उरला नाहीं.

येथें आपल्या देशाचा उल्लेख केला पाहिजे. १९०१ च्या शिरगणतीपासून हिंदुस्थानांत प्रत्येक माणसाची निराळी चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्या खणाखणांत वाटून हातानें मोजण्याची पद्धत सुरू झाली. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळे. ही रीत हंट यांच्या रीतीच्या जातीची होती. यंत्र महाग व हात स्वस्त अशा देशांत तीच सोयीची ठरली. म्हणजे माणशीं एक कागद ही कल्पना दोन्हींकडे होती. कागद वाचणारा मात्र एकीकडे माणूस व दुसरीकडे वीज.

१८९० च्या खानेसुमारींत हॉलेरिथ यांचीं यंत्रें वॉशिंग्टनच्या कचेरींत ओळीनें लागलीं. त्यांवर काम करणारांत स्त्रियाहि पुष्कळ होत्या. दिवसभर घंटांचा किणकिणाट चाले. अवघ्या कांहीं आठवड्यांत देशाची एकंदर लोकसंख्या हातीं आली : ६,२६,२२,२५०. लोकांची अपेक्षा याहून मोठ्या आकड्याची होती. म्हणून कांहीं वर्तमानपत्रांनीं यंत्रालाच नांवें ठेवलीं. आकडा आपणांस आवडला नाहीं म्हणजे मोजणाऱ्यास दोष द्यावयाचा, ही खोड सर्व देशांत सारखीच आहे. सविस्तर कोष्टकें पूर्वीपेक्षां पुष्कळच लवकर तयार झालीं, आणि पूर्वीच्या पद्धतीनें कधीं विचारतांच आले नसते असे गुंतागुंतीचे प्रश्न आतां विचारतां येऊं लागले. एक गमतीची गोष्टहि सांगतात. कामाचा कंटाळा आला कीं एखादा कारकून वाटींतला पारा हळूच काढून पिंकदाणींत टाकी. यंत्र बंद पडे व दुरुस्ती होईपर्यंत सर्वांस विसांवा मिळे. यंत्र कितीहि प्रामाणिक असलें तरी माणसाचा प्रामाणिकपणा निराळाच मिळवावा लागतो, तो असा.

हॉलेरिथ यांस आतां कीर्ति मिळाली. १८९० सालींच कोलंबिया विद्यापीठानें त्यांस डॉक्टरची पदवी दिली, फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटनें पदक दिलें, व त्याच वर्षीं लूसिया टॅल्कट या तरुणीशीं त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुलगे व तीन मुली झाल्या. ऑस्ट्रिया, कॅनडा व नॉर्वे या देशांनीं पुढल्याच खानेसुमारींत त्यांचीं यंत्रें वापरलीं. १८९७ सालीं विस्तीर्ण रशियाची मोजणीहि याच मार्गानें झाली.

पण खानेसुमारी दहा वर्षांनीं एकदां येते. मधल्या काळांत पोट कशावर भरावें? हॉलेरिथ आगगाडीच्या कंपन्यांकडे वळले. मालगाडीच्या पावत्या वर्षाकाठीं लाखांनीं येत, व त्यांचा हिशेब महिनोन्महिने रेंगाळे. तेथें नुसतें एक, दोन, तीन असें मोजून भागत नसे. वजनाच्या व पैशाच्या रकमांची बेरीज करावी लागे. म्हणून त्यांनीं यंत्राला बेरीज शिकविली. १८९६ सालीं न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेनें त्यांचीं यंत्रें घेतलीं, आणि त्याच वर्षीं त्यांनीं टॅब्युलेटिंग मशीन कंपनी स्थापन केली. यंत्र विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें, आणि कार्डें आपणच पुरवावयाचीं, असा त्यांचा धंद्याचा नेम होता.

गुणांबरोबर त्यांच्या स्वभावांत एक कमतरताहि होती. ते हट्टी होते व दुसऱ्याची टीका त्यांस सहन होत नसे. १९०० ची खानेसुमारीहि त्यांच्याच यंत्रांनीं झाली. परंतु नंतर खात्याचे नवे प्रमुख नॉर्थ यांना भाडें अवाच्या सवा वाटूं लागलें. वाद विकोपास गेला, आणि १९०५ सालीं हॉलेरिथ यांचीं यंत्रें खात्यांतून बाहेर पडलीं. सरकारनें स्वतःचा कारखाना काढला. तेथील जेम्स पॉवर्स या कारागिरानें नवीं यंत्रें केलीं, व १९१० ची मोजणी हॉलेरिथ यांच्यावांचून पार पडली. ज्या कामासाठीं त्यांनीं शोध लावला तेंच काम असें त्यांच्या हातून सुटलें. थोडी तडजोड, थोडी मिठास वाणी असती तर कदाचित् असें न होतें.

प्रकृतिहि थकत चालली होती. १९११ सालीं त्यांनीं आपली कंपनी विकली. चार्ल्स फ्लिंट यांनीं ती तराजू व वेळनोंदणीचीं घड्याळें करणाऱ्या कंपन्यांशीं जोडून एक मोठी संस्था उभारली. १९१४ सालीं थॉमस वॉटसन हे तिचे व्यवस्थापक म्हणून आले, आणि १९२४ सालीं तिला इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स हें नांव मिळालें. आय. बी. एम. म्हणून जी जगप्रसिद्ध कंपनी आपण ऐकतों ती हीच. हॉलेरिथ मात्र व्हर्जिनिया राज्यांतील आपल्या शेतावर रमले. तेथें त्यांनीं गर्न्सी जातीच्या उत्तम गाई पाळल्या व नौका बाळगल्या. ता. १७ नोव्हेंबर १९२९ रोजीं वॉशिंग्टन येथें हृदयविकारानें त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या हयातींतच एक विलक्षण दुर्घटना घडली. जानेवारी १९२१ मध्यें वॉशिंग्टनच्या व्यापारखात्याच्या इमारतीस आग लागली व १८९० च्या खानेसुमारीचीं मूळ पत्रकें बहुतेक जळालीं किंवा पाण्यानें भिजून नासलीं. घरोघरच्या माणसांचीं नांवें कायमचीं गेलीं. छापलेलीं कोष्टकें मात्र ग्रंथरूपानें अनेक ठिकाणीं पसरलेलीं होतीं, म्हणून तीं वांचलीं. कागद टिकाऊ खरा, पण एकाच घरांत ठेवलेला कागद टिकाऊ नव्हे.

कार्डाचें आयुष्य त्याच्या कर्त्याहून मोठें ठरलें. १९२८ सालीं कार्डाचे ८० स्तंभ झाले, म्हणजे एका कार्डावर ८० अक्षरें राहूं लागलीं. आणि नवीं विद्युद्गणकें निघाल्यावरहि कित्येक वर्षें माणसाचें म्हणणें त्यांस पोंहोंचविण्याचें काम भोंकें पाडलेल्या कागदानेंच केलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं पुरें झालेलें टिफ्रॅक हें आपल्या देशांत घडविलेलें गणकयंत्रहि कागदी पट्टीवरील भोंकें वाचीत असे. पुढें चुंबकीय फिती व तबकड्या आल्या, आणि कार्डें मागें पडलीं. त्यांचें कारण साध्या हिशेबानें कळतें. आज लहानशा मोबाइलाच्या एका कोपऱ्यांत शंभर कोटी अक्षरें सहज मावतात. तीं ८० अक्षरी कार्डांवर उतरावयाचीं तर सव्वा कोट कार्डें लागतील, व तीं एकावर एक रचलीं तर सव्वादोन किलोमीटर उंचीचा मनोरा होईल!

तरीहि कागदावर यंत्राची भाषा लिहिण्याची युक्ति मेलेली नाहीं. दुकानाच्या पाटीवर व औषधाच्या वेष्टनावर काळ्यापांढऱ्या चौकटींचें जें चौकोनी चिन्ह दिसतें तें १९९४ सालीं जपानांत मासाहिरो हारा यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तयार केलें. काळी चौकट म्हणजे आहे, पांढरी म्हणजे नाहीं. भोंकाऐवजीं शाई, एवढाच फरक. त्याच्या सर्वांत मोठ्या प्रकारांत बाजूस १७७ चौकटी असतात, व आपल्या मराठीचे सुमारें दीडशें शब्द त्यांत साठवितां येतात. त्याचा कांहीं भाग फाटला किंवा मळला तरी उरलेल्या भागावरून हरवलेलें पुन्हा भरून काढण्याची सोय त्यांत गणितानें केलेली आहे.

मग कागदाचा उपयोग कोठें? जेथें थोडें पण महत्त्वाचें, आणि तें दीर्घकाळ राखावयाचें आहे तेथें. चुंबकीय फीत व तबकडी कांहीं दशकांत बिघडूं शकते, आणि ती वाचणारें यंत्रच बाजारांतून नाहींसें होतें. चांगला कागद शेंकडों वर्षें राहतो. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील हातकागद याची साक्ष देतील. परंतु त्याच दप्तरानें आपणांस दुसराहि धडा दिला आहे. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, पण तीं पत्रें मोडींत आहेत, आणि मोडी वाचणारे विरळा झाले. भोंकाचेंहि तसेंच. कोणत्या जागेच्या भोंकाचा अर्थ काय, हें सांगणारी किल्ली कागदाबरोबर ठेवली नाहीं, तर उरतो तो नुसता छिद्रें पडलेला पुठ्ठा.

आणि एक गोष्ट याहूनहि गंभीर आहे. ती टाळून हें चरित्र पुरें करणें योग्य होणार नाहीं. हॉलेरिथ यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनीं, १९३३ सालीं, हिटलरच्या राजवटींत जर्मनीची खानेसुमारी त्यांच्याच नांवाच्या यंत्रांनीं झाली. त्या कार्डांवर धर्माचाहि स्तंभ होता. पुढें त्या राजवटीनें ज्यू लोकांस वेंचून काढून त्यांचा संहार केला, व त्या राज्याच्या कारभारांत भोंकांच्या कार्डांचा उपयोग झाला. पिन भोंकांतून खालीं जाते व पाऱ्यास टेकते; भोंक कशासाठीं पाडलें हें पिनेस ठाऊक नसतें. रुग्णांची मोजणी करून रोग हटविणारें यंत्र व निरपराध्यांची यादी करणारें यंत्र एकच असूं शकतें. डॉ. बिलिंग्ज यांना हवें होतें तें मृत्यूचीं कारणें समजून माणसें वांचविण्याचें साधन. तेव्हां यंत्र शोधणें हें निम्मेंच काम. तें कोणाच्या हातीं द्यावयाचें आणि त्याला काय विचारावयाचें, हें उरलेलें निम्में काम प्रत्येक पिढीस नव्यानें करावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळजण पुढें गणकयंत्रांवर काम कराल. तुमच्या पुढ्यांत नांवें येतील, वयें येतील, धंदे व आजार येतील. सारें आहे आणि नाहीं या दोन खुणांत उतरलेलें. स्पेलिंगास भिऊन पळालेल्या एका मुलानें चिकाटीच्या बळावर ही भाषा जगाला दिली, हें ध्यानांत ठेवून आपल्या उणिवांनीं खचूं नका. आणि प्रत्येक खुणेमागें एक जिवंत माणूस, त्याचें घर, त्याचीं मुलेंबाळें आहेत, याचा विसर पडूं देऊं नका. मोजणी अचूक असावी हें यंत्राचें व्रत. मोजलेल्या माणसाचें कल्याण व्हावें हें मोजणाऱ्याचें व्रत.